इस्ट्रोजेन रिसेप्टर ब्लॉकर: आयसीआय घेऊ, की एमपीपी आणि पीएचटीपीपी?

नवखी_परळकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. लाइफ सायन्सच्या एमएस्सीचं शेवटचं वर्ष आहे, परळच्या एका लॅबमध्ये डेझर्टेशन चालू आहे. इथे संशोधनातली बरीच जाणती माणसं आहेत म्हणून धागा काढतेय.

विषय असा आहे. शतावरीचा अर्क एमसीएफ-७ या स्तन-कर्करोगाच्या पेशींवर टाकला की पेशींची वाढ जराशी वाढते, एमटीटीमध्ये (पेशी किती आहेत ते रंगावरून दाखवणारी चाचणी) तसं दिसतं. आता मॅडमचं म्हणणं, हे इस्ट्रोजेन रिसेप्टरमार्फत, म्हणजे इस्ट्रोजेन हॉर्मोनला धरणाऱ्या पेशीतल्या प्रथिनामार्फत होतंय हे दाखव. म्हणजे रिसेप्टर बंद करायचा आणि परिणाम जातो का ते बघायचं.

मॅडम म्हणतात आयसीआय १८२,७८० हा ब्लॉकर घे, जो तो तेच वापरतो. लॅबमधला सीनियर दादा म्हणतो, त्याने अल्फा आणि बीटा या दोन्ही जातींचे रिसेप्टर बंद पडतील, मग तुला कळणार काय? त्यापेक्षा अल्फासाठी एमपीपी आणि बीटासाठी पीएचटीपीपी मागव. बजेट एकाच बाटलीचं. शिवाय फ्रीझरमध्ये आधीच्या कुणाची तरी टॅमॉक्सिफेनची, म्हणजे आणखी एका ब्लॉकरची, बाटली पडलीय, ती चालत असेल तर पैसेच वाचतील.

मीडिया (पेशी ज्यात वाढवतो ते द्रावण) आमचा नेहमीचाच, गुलाबी डीएमईएम, त्यात १० टक्के सीरम. काय करू?

---

विरारफास्ट

कळलं काही नाही, पण वाचतोय. रिसेप्टर म्हणजे लोकलमधली विंडो सीट समजू का? इस्ट्रोजेन यायच्या आत ब्लॉकर जाऊन बसतो, असंच ना?

---

पेशीपुराण

@विरारफास्ट, हो, तेवढ्यापुरतं बरोबर. फक्त ब्लॉकर दोन जातींचे असतात. टॅमॉक्सिफेन सीट अडवून बसतो. आयसीआय १८२,७८० बसला की थोड्या तासांत ती सीटच उखडून भंगारात जाते. पेशी तो रिसेप्टर मोडीत काढते आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) अल्फाची पट्टी फिकी पडलेली डोळ्यांना दिसते. बाजारात याच आयसीआयला फुलव्हेस्ट्रंट म्हणतात.

आता @नवखी_परळकर. ब्लॉकर कुठला, हा तुझा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न तू शेवटच्या ओळीत सहज सांगून टाकलास. गुलाबी मीडिया.

तो गुलाबी रंग फिनॉल रेडचा. १९८६ साली अमेरिकेत कॅट्झनेलेनबोगन यांच्या गटाने दाखवलं, की बाजारी फिनॉल रेडमध्ये इस्ट्रोजेनसारखं काम करणारं काहीतरी असतं आणि एमसीएफ-७ पेशी त्यावर वाढतात. पुढे कळलं की दोष रंगाचा नव्हे, त्यातल्या अशुद्धीचा. पण तुझ्या पेशींना त्याच्याशी काय देणंघेणं! वर १० टक्के सीरम, म्हणजे वासराच्या रक्तातलं खरं इस्ट्रोजेन. तुझ्या 'कंट्रोल'च्या वेलमध्येच (प्लेटमधल्या खळग्यातच) इस्ट्रोजेन चालू आहे. शतावरी त्याच्यावर.

यात सापळा कुठे आहे बघ. अशा मीडियात तू नुसता आयसीआय टाकलास तरी वाढ कंट्रोलच्या खाली जाईल. शतावरी आणि आयसीआय एकत्र टाकलंस तरी खाली जाईल. तू आनंदाने लिहिशील, 'आयसीआयने शतावरीचा परिणाम नाहीसा केला.' प्रत्यक्षात आयसीआयने मीडियातल्या इस्ट्रोजेनचा परिणाम नाहीसा केलेला असेल आणि शतावरीबद्दल तुला काहीच कळलेलं नसेल. नुसत्या आयसीआयचा वेल ज्यात नाही असे आलेख छापून आलेलेही मी पाहिले आहेत.

म्हणून आधी फिनॉल रेड नसलेला मीडिया आणि कोळशाने धुतलेला सीरम, म्हणजे हॉर्मोन काढून टाकलेला, चारकोल-डेक्स्ट्रान स्ट्रिप्ड. पेशी त्यात दोन-तीन दिवस उपाशी ठेवायच्या. मग एस्ट्राडायॉल (शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन) टाकून त्या वाढतात का बघायचं. एक ते दहा नॅनोमोलर पुरे. त्यावर वाढल्या नाहीत तर त्या पेशींवर कुठलाच ब्लॉकर आणू नकोस, पैसे वाया.

एस्ट्राडायॉलवर वाढल्या, आयसीआयने ती वाढ थांबली, तर मग शतावरीला हात लावायचा. बाकीचं रात्री लिहितो. आत्ता कल्चर बघायची वेळ झाली.

---

काळा_चहा

धागा वाचनखूण म्हणून साठवला. थोडं अवांतर, कारण या रेणूंच्या मागच्या गोष्टी फार कुणाला ठाऊक नसतात.

टॅमॉक्सिफेन कर्करोगासाठी बनलंच नव्हतं. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत (वरच्या ब्लॉकरचं नाव हिच्यावरूनच) १९६२ साली डोरा रिचर्डसन नावाच्या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ते तयार केलं. नंबर आयसीआय ४६,४७४. गटाचे प्रमुख होते आर्थर वॉल्पोल, आणि शोध चालला होता संततिनियमनाच्या गोळीचा. उंदीरवर्गी प्राण्यांत गोळी झकास चालली. बायकांत उलटंच झालं, बीजकोशातून बीज सुटायला मदतच झाली! संततिनियमन राहिलं बाजूला. मग मँचेस्टरच्या क्रिस्टी हॉस्पिटलमध्ये पसरलेल्या स्तन-कर्करोगाच्या रुग्णांवर ते वापरून पाहिलं, १९७१ साली निष्कर्ष छापून आले, १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९७७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

रिसेप्टर आहे हे दाखवलं ते शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी, किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेलं एस्ट्राडायॉल वापरून. उंदराच्या गर्भाशयात ते जाऊन टिकून राहायचं, इतर बऱ्याच अवयवांतून निघून जायचं. याला २००४ साली लास्कर पुरस्कार मिळाला, नोबेल शेवटपर्यंत नाही. आणि बीटा रिसेप्टर तर १९९६ पर्यंत कुणाला माहीतच नव्हता. स्वीडनमध्ये गुस्ताफ्सन यांच्या गटाला तो सापडला तोही उंदराच्या प्रोस्टेटमध्ये.

आपल्याकडचंही एक नाव यात घ्यायलाच हवं. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध-संशोधन संस्थेचं सेंटक्रोमान, म्हणजे ऑर्मेलॉक्सिफेन. आठवड्याला एक गोळी, 'सहेली' नावाने विकली गेली आणि आता सरकारी योजनेत 'छाया' म्हणून मिळते. तीसुद्धा याच कुटुंबातली, निवडक इस्ट्रोजेन रिसेप्टर मॉड्युलेटर, म्हणजे कुठे इस्ट्रोजेनला अडवणारी, कुठे त्याची नक्कल करणारी. आयसीआय कंपनीला जे गाठता आलं नाही ते लखनौने गाठलं, पण गप्पांत नाव निघतं टॅमॉक्सिफेनचंच.

---

विरारफास्ट

सहेली म्हणजे ती रेडिओवर जाहिरात लागायची ती? तिचा आणि कॅन्सरच्या औषधाचा आजा एकच निघाला की!

---

माटुंगा_रोड

मी रसायनवाला, पेशींतलं फार कळत नाही. पण त्या फ्रीझरमधल्या बाटलीवर बोलतो.

टॅमॉक्सिफेनमध्ये एक दुहेरी बंध आहे आणि त्याच्या दोन बाजूंना गट कसे बसलेत यावर सगळं अवलंबून आहे. एका मांडणीला झेड म्हणतात, ते औषध. दुसरी मांडणी ई, तिला आयसीआय कंपनीने वेगळा नंबर दिला होता, ४७,६९९, आणि ती चक्क इस्ट्रोजेनसारखी वागते. सूत्र तेच, वजन तेच, काम विरुद्ध. त्याचं जे चार-हायड्रॉक्सी रूप प्रयोगशाळेत वापरतात त्याची तर द्रावणात एका मांडणीतून दुसरीत ये-जा होत राहते, आणि उजेड लागला तरी बिघडतं. म्हणून तपकिरी बाटली, नाहीतर वर फॉइल.

तर कुणीतरी कधीतरी विरघळवून ठेवलेली, लेबलावर तारीख आहे की नाही देव जाणे, अशी बाटली ब्लॉकर म्हणून वापरू नये. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र) तपासून देणारा कुणी ओळखीचा असेल तर गोष्ट वेगळी.

डीएमएसओबद्दल, म्हणजे हे ब्लॉकर ज्यात विरघळवतात त्या द्रावकाबद्दल पण सांगतो. ते हवेतलं पाणी पितं. मुंबईच्या हवेत तर विचारूच नका, जुलैत बाटली उघडी ठेवून फोन घेतलात की झालं. छोट्या बाटल्या आणा, स्टॉक लहान-लहान ट्यूबमध्ये वाटून उणे वीसला ठेवा, एक ट्यूब एकदाच. आणि शुद्ध डीएमएसओ साडेअठरा अंशांना गोठतं, एसी जोरात असेल तर बाटलीत बर्फ दिसेल. घाबरू नका, ते खराब झालेलं नाही. उलट गोठत नसेल तर पाणी शिरल्याचा संशय घ्या.

---

पेशीपुराण

माटुंगा_रोड यांनी माझं अर्धं काम केलं. टॅमॉक्सिफेन न वापरण्याची आणखी दोन कारणं.

नुसतं टॅमॉक्सिफेन रिसेप्टरला तसं ढिलंच धरतं. शरीरात यकृतातली एन्झाइम, मुख्यतः सीवायपी२डी६, त्याचं एंडॉक्सिफेन करतात आणि खरा जोर त्या रूपाचा. तुझ्या प्लेटमध्ये यकृत नाही. म्हणून प्रयोगशाळेत थेट चार-हायड्रॉक्सी टॅमॉक्सिफेन किंवा एंडॉक्सिफेन घेतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. टॅमॉक्सिफेन सगळीकडे ब्लॉकर नसतं. स्तनाच्या पेशीत ते अडवतं, हाडात आणि गर्भाशयाच्या अस्तरात इस्ट्रोजेनचीच नक्कल करतं. प्राण्यागणिक पण बदलतं. कोंबडीच्या अंडवाहिनीत शुद्ध ब्लॉकर, उंदराच्या गर्भाशयात बऱ्यापैकी इस्ट्रोजेन. याचं कारण रिसेप्टरच्या आकारात आहे. १९९७ साली रिसेप्टरचे क्रिस्टल छापून आले, एक एस्ट्राडायॉलसकट, एक रॅलॉक्सिफिनसकट (टॅमॉक्सिफेनच्याच जातीचं औषध). एस्ट्राडायॉल आत असताना रिसेप्टरची बारावी हेलिक्स (प्रथिनाचा पिळदार तुकडा) खाचेवर झाकणासारखी बसते आणि बाहेर मदतनीस प्रथिनांना धरायला जागा तयार होते. रॅलॉक्सिफिनची लांब शेपटी खाचेतून बाहेर येते, हेलिक्सला ढकलते, आणि हेलिक्स जाऊन नेमकी मदतनिसांच्या जागेवर पडते. टॅमॉक्सिफेनचंही तसंच. पण रिसेप्टरचं दुसरं टोक मोकळंच राहतं आणि ज्या पेशीत तिकडचे मदतनीस भरपूर, तिथे काम चालू राहतं. आयसीआयला ही पळवाट नाही, कारण तो रिसेप्टरच संपवतो. म्हणून त्याला शुद्ध अँटिइस्ट्रोजेन म्हणतात.

आता एमपीपी आणि पीएचटीपीपी. दोन्ही अमेरिकेत इलिनॉयमधल्या कॅट्झनेलेनबोगन यांच्याच प्रयोगशाळेतले, २००२ आणि २००४ च्या आसपासचे. एमपीपी अल्फाला बीटापेक्षा सुमारे २०० पट घट्ट धरतं. पीएचटीपीपीची बीटाकडची ओढ सुमारे ३६ पट. आकडे कागदावर छान दिसतात. पण पट म्हणजे भिंत नव्हे. मात्रा वाढवत गेलीस की आधी एक भरतो, मग दुसरा. ३६ पटवाल्याच्या बाबतीत ती रेघ फार लवकर ओलांडली जाते. दहा मायक्रोमोलर पीएचटीपीपी ओतून 'बीटा बंद केला' म्हणणाऱ्यांना मी फक्त विचारतो, आणि अल्फाचं काय झालं ते पाहिलंत का? एमपीपीलाही रॅलॉक्सिफिनसारखी शेपटी आहे आणि उंदराच्या गर्भाशयात त्याने थोडी इस्ट्रोजेनगिरी केल्याचं छापून आलंय.

आणि तुझ्या दादाला विचार, एमसीएफ-७ मध्ये बीटा आहे कुठे? या पेशीत जवळपास सगळा कारभार अल्फाचा. २०१७ साली बीटाच्या अँटिबॉडींची तपासणी छापून आली. तपासलेल्या तेरांपैकी भरवशाची एकच निघाली. म्हणजे 'आमच्या एमसीएफ-७ मध्ये वेस्टर्नवर बीटा दिसतो' असं म्हणणाऱ्या कितीतरी पट्ट्या भलत्याच प्रथिनाच्या असणार. जो रिसेप्टर पेशीत धड नाहीच, त्याचा ब्लॉकर विकत घेऊन काय बंद करणार?

एका बाटलीचं बजेट आहे ना? आयसीआय. मॅडम बरोबर आहेत. 'सगळे वापरतात' हे मात्र कारण नव्हे.

---

जनुककात्री

पेशीपुराण, आदर राखून असहमत. २०२० नंतरही आपण रसायनांवरच का अडकलोय? एसआयआरएनएने (जनुकाचा निरोप अडवणारे आरएनएचे तुकडे) अल्फा कमी करा किंवा क्रिस्परने (जनुक कापायचं तंत्र) जनुकच काढा. रसायन कुठे कुठे चिकटतं याचा हिशोबच नको.

---

पेशीपुराण

@जनुककात्री, एमसीएफ-७ अल्फावरच जगते. जनुक काढलंस की पेशी नीट वाढतच नाही, मग शतावरीने वाढ वाढली का हे मोजणार कशावर? एसआयआरएनए चालेल, आयसीआयच्या जोडीला तर फारच छान. पण त्याला तीन दिवस लागतात, तेवढ्यात पेशी सावरून घेते, आणि ट्रान्सफेक्शनच्या, म्हणजे ते पेशीत घुसवण्याच्या, त्रासाने वाढ तशीही घटते. ब्लॉकर तासाभरात काम सुरू करतो. शिवाय एमएस्सीच्या मुलीला सहा महिन्यांत काय झेपेल तेही बघायचं.

---

जनुककात्री

जोडीला असेल तर +१. पण मग आयसीआय जीपीईआरला *चालू* करतो, हे धाग्यात कुणीच का सांगितलं नाही?

---

पेशीपुराण

मुद्दा बिनतोड. सांगणारच होतो, तू सांगितलंस ते बरं झालं.

नवखी, तिसरा एक रिसेप्टर आहे, जीपीईआर, जुनं नाव जीपीआर३०. हा केंद्रकातला नव्हे, वेगळ्याच घराण्यातला. गंमत अशी की अल्फा-बीटाला बंद करणारे आयसीआय आणि टॅमॉक्सिफेन दोघेही त्याला चालू करतात. त्याच्यासाठी जी१५ आणि नंतरचं जास्त नेमकं जी३६ असे वेगळे ब्लॉकर आहेत. तुझ्या प्रयोगात आयसीआयने शतावरीचा परिणाम कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला दिसला, तर इकडे बघ. नाहीतर सध्या हा फाटा सोडून दे.

---

आजीची_गोधडी

मला यातलं शास्त्र कळत नाही, पण टॅमॉक्सिफेन वाचून थांबले. आईला ऑपरेशननंतर काही वर्षं तेच दिलं होतं. नंतर डॉक्टरांनी लेट्रोझोल सुरू केलं. तेही ब्लॉकरच का? आणि तुम्ही वर लिहिलंय की टॅमॉक्सिफेन गर्भाशयात उलटं काम करतं, ते वाचून पोटात गोळा आला.

---

पेशीपुराण

ताई, लेट्रोझोल रिसेप्टरला शिवत नाही. ते अरोमाटेज नावाचं एन्झाइम अडवतं. पाळी गेल्यावर अंडाशय थंडावतात, पण चरबीसारख्या भागांत हे एन्झाइम दुसऱ्या हॉर्मोनांपासून थोडंथोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. लेट्रोझोल ते बनणंच थांबवतं. आधी टॅमॉक्सिफेन आणि मग हे, असा क्रम पुष्कळ बायकांना दिला जातो, त्यात वावगं काही नाही.

गर्भाशयाचं म्हणाल तर धोका किंचित वाढतो हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं आणि तो धरूनच औषध देतात, कारण स्तनाचा आजार परतू न देण्यात त्याचा फायदा फार मोठा आहे. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला तर मात्र लगेच दाखवायचं, एवढं लक्षात ठेवा. बाकी आईंच्या औषधाबद्दल त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. इथे आम्ही प्लेटमधल्या पेशींबद्दल बोलतोय.

---

आजीची_गोधडी

धन्यवाद हो. पुढच्या तपासणीला विचारते.

---

डंबेल_दादर

भाई लोक, एक प्रॅक्टिकल प्रश्न. जिममध्ये स्टिरॉइडची सायकल संपली की 'नोल्वा' घेतात, म्हणजे टॅमॉक्सिफेनच ना? ऑनलाइन 'रिसर्च केमिकल' म्हणून लिक्विडमध्ये स्वस्त मिळतं. लॅबवाले वापरतात तेच असेल तर प्युअरच असणार ना?

---

माटुंगा_रोड

नाही. लॅबच्या बाटलीवर 'फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही' असं लिहितात ते शोभेला नाही. उरलेला सॉल्व्हंट किती, जड धातू किती, निर्जंतुक आहे का, यातलं माणसाच्या पोटात जाण्याच्या दृष्टीने काहीही तपासलेलं नसतं. आणि तुमचं ऑनलाइन लिक्विड तर लॅबच्या बाटलीइतकंही खात्रीचं नाही. वर ई आणि झेडबद्दल लिहिलंय ते पुन्हा वाचा. मांडणी चुकली तर तुम्ही इस्ट्रोजेन अडवायला म्हणून इस्ट्रोजेनच पिताय.

---

काळा_चहा

शिवाय टॅमॉक्सिफेनने शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. पुरुषांच्या छातीला सूज आली तर डॉक्टर कधीकधी ते देतात, पण ते तपासून, चिठ्ठीवर. मात्रा विचारायला इथे येऊ नका, कुणी सांगणार नाही. एमपीपी, पीएचटीपीपी तर माणसांना द्यायला कुठेच मंजूर नाहीत.

---

डंबेल_दादर

ओके ओके. इतकं झापायला नको होतं. डॉक्टरला दाखवतो.

---

नवखी_परळकर

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! मॅडमना धागा दाखवला. त्या 'पेशीपुराण कोण?' म्हणून मागे लागल्यात.

ठरलं ते असं. फिनॉल रेड नसलेला मीडिया शेजारच्या लॅबकडून मिळतोय. स्ट्रिप्ड सीरम मागवलाय. पहिल्या प्लेटमध्ये: नुसता डीएमएसओ, एस्ट्राडायॉल, एस्ट्राडायॉल + आयसीआय, शतावरी, शतावरी + आयसीआय, आणि नुसता आयसीआय. शेजारी एमडीए-एमबी-२३१ या दुसऱ्या स्तन-कर्करोगाच्या पेशी, कारण त्यात अल्फा नाही. शतावरीने त्याही वाढल्या तर रिसेप्टरची गोष्टच संपली. बरोबर?

प्रश्न दोन. आयसीआय एक मिलिग्रॅमची बाटली येतेय, स्टॉक किती करू? आणि शतावरी + आयसीआयमध्ये परिणाम गेला तर 'शतावरीतला घटक इस्ट्रोजेन रिसेप्टरला चिकटतो' असं थीसिसमध्ये लिहू शकते ना?

---

माटुंगा_रोड

स्टॉकचं मी सांगतो. फुलव्हेस्ट्रंटचा रेणुभार ६०६.८. एक मिलिग्रॅम पावडरीत १६५ मायक्रोलिटर डीएमएसओ टाकलं की सुमारे १० मिलिमोलर होतं. त्यातून एक मायक्रोमोलर करायचं तर दहा हजार पट पातळ, म्हणजे डीएमएसओ ०.०१ टक्का. १०० नॅनोमोलर थेट करायला जाऊ नका, पिपेटची चूक मोठी येते, मधला एक स्टॉक करा. आणि सगळ्या वेलमध्ये डीएमएसओ सारखंच पडलं पाहिजे, शतावरीचा अर्क ज्यात विरघळवलाय ते द्रावकही.

पार्सल पावसाळ्यात येणार असेल तर पत्ता आणि फोन नीट द्या. हिंदमाताला पाणी भरलं की कुरिअरवाला दादरलाच थांबतो, आणि बर्फाचा डबा तुमची वाट बघत नाही.

---

पेशीपुराण

प्लेटची मांडणी चांगली आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही, आणि या अख्ख्या धाग्यात हेच मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं.

आयसीआयने परिणाम गेला याचा अर्थ इतकाच, की परिणाम व्हायला अल्फा रिसेप्टर लागतो. चिकटण्याबद्दल त्यातून काही निघत नाही. रिसेप्टरला इस्ट्रोजेनशिवायही जागं करता येतं. ईजीएफ किंवा आयजीएफसारखा वाढघटक पेशीच्या बाहेरून इशारा देतो, आत किनेजची (फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमांची) साखळी चालते, आणि रिसेप्टरच्या ११८ व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतो. खाच रिकामी असतानाही रिसेप्टर कामाला लागतो. शतावरीतलं काही त्या वाटेने काम करत असेल, तरी आयसीआय तो परिणाम बंदच करेल, कारण त्याने रिसेप्टरच नाहीसा केलेला असतो. दोन अगदी वेगळ्या यंत्रणा, आलेख मात्र हुबेहूब.

चिकटणं दाखवायचं तर चिकटण्याचाच प्रयोग हवा. किरणोत्सारी किंवा चमकणारं एस्ट्राडायॉल रिसेप्टरवर बसवायचं आणि शतावरी त्याला हुसकावते का ते मोजायचं. तुमच्याकडे ती सोय नसेल तर थीसिसमध्ये 'इस्ट्रोजेन रिसेप्टरवर अवलंबून' एवढंच लिही. परीक्षक शहाणा असेल तर याच एका शब्दावर तुला पास करेल.

एमटीटीवर पण विसंबून राहू नकोस. वनस्पतीतले पॉलिफिनॉल पेशी नसतानाही एमटीटीचा रंग बदलवतात. एका वेलमध्ये पेशीच न घालता नुसता अर्क आणि एमटीटी टाकून बघ, जांभळं झालं तर समजून जा. शतावरीत सॅपोनिनही (साबणासारखे घटक) भरपूर, मात्रा वाढवलीस की ती पेशीचं आवरणच फाडतात, मग वाढ घटेल ती रिसेप्टरमुळे नव्हे. पेशी सरळ मोजाव्यात. आणि जमलं तर क्यूपीसीआरने (जनुक किती चालू आहे ते मोजणारी चाचणी) पीएस२ आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरची जनुकं बघ. ही दोन्ही अल्फाच्या हुकमातली. वाढीला शंभर कारणं असतात, ही जनुकं इतकी सहज कुणाच्याही सांगण्यावरून हलत नाहीत.

---

जनुककात्री

आणि पेशी खरंच एमसीएफ-७ आहेत ना हे एसटीआरने (पेशींची डीएनए-ओळख पटवणारी चाचणी) तपासून घ्या. 'शेजारच्या लॅबकडून' आलेल्या पेशी या देशात काहीही निघू शकतात. पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशी-संस्थेच्या संग्रहातून आणलेल्या असतील तर कागद जपून ठेवा.

---

काळा_चहा

एमसीएफ-७ ची पण गोष्ट आहे. १९७० साली अमेरिकेत एका ख्रिस्ती ननच्या, सिस्टर कॅथरीन फ्रान्सिस मॅलन यांच्या, छातीत साठलेल्या पाण्यातून या पेशी काढल्या. मिशिगन कॅन्सर फाउंडेशनवरून एमसीएफ. हर्बर्ट सूल यांनी १९७३ मध्ये त्या जगाला दिल्या. टॅमॉक्सिफेन, आयसीआय, सगळ्यांची परीक्षा याच पेशींवर झाली. बाई त्याच वर्षी, १९७० मध्येच गेल्या.

---

विरारफास्ट

आता मला पण शतावरीचा निकाल हवाय. आमच्या सौ. रोज कल्प घेतात.

---

नवखी_परळकर

@विरारफास्ट काका, माझ्या प्लेटवरून काकूंच्या कल्पाबद्दल काहीही ठरवू नका, अर्कही वेगळा, मात्राही वेगळी!

@पेशीपुराण, रिकाम्या वेलमध्ये अर्क आणि एमटीटी आजच टाकून पाहिलं. कमी मात्रेत काही नाही, वरच्या दोन मात्रांत रंग आलाय. मॅडम म्हणाल्या, त्या दोन मात्रा वाढीच्या आलेखातून काढ आणि पेशी हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायची चौकटींची काच) मोज. आयसीआय अर्कासोबतच टाकायचा की आधी?

---

पेशीपुराण

एक तास आधी, आणि नंतर शेवटपर्यंत मीडियात राहू दे. मीडिया बदललास तर ताज्या मीडियातही घाल. एस्ट्राडायॉल + आयसीआयच्या वेलमधून थोड्या पेशी वेस्टर्नसाठी काढून ठेव. अल्फाची पट्टी गेलेली दिसली नाही तर बाकीची प्लेट मोजायच्या आधी मला इथे लिही.